कोरी बाटली

लघवीत स्टेरॉइड आहे का हे शोधायचं, तर आधी जिच्यात ते नक्की नाही अशी लघवी हाताशी लागते. तिला आम्ही ‘कोरी’ म्हणतो. ती विकतही मिळते, पण यायला महिने लागतात. म्हणून महाप्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये जुना रिवाज आहे: कोरी बाटली स्टाफपैकी कुणीतरी भरून द्यायची. एक बाटली भरली की छोट्या नळ्यांमध्ये वाटून फ्रीझरमध्ये ठेवायची, ती दोन-तीन महिने पुरते. गेली कित्येक वर्षं ती बहुतेक वेळा माझीच असते. मी डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही, टॉनिक नाही, चूर्ण नाही, कसली पावडर नाही. लॅबमधली मंडळी माझ्या माघारी मला ‘कोऱ्या मॅडम’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं.

खेळाडूंचे अधिकृत नमुने आमच्याकडे येत नाहीत, ते लांबच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातात. आमच्याकडे येतात ते प्रोटीनचे डबे, ‘शंभर टक्के हर्बल’ लिहिलेल्या पुड्या, आणि अधूनमधून एखाद्या जिमवाल्यानं किंवा संघानं खासगीत पाठवलेल्या लघवीच्या बाटल्या. रीत सगळीकडे थोड्याफार फरकानं तीच. शरीर स्टेरॉइड जसंच्या तसं बाहेर टाकत नाही. यकृत त्याची मोडतोड करतं, त्याला साखरेच्या जातीचा एक रेणू चिकटवतं आणि मग सोडून देतं. आम्ही एन्झाइम घालून, पन्नास अंशांवर तासभर ठेवून, तो चिकटलेला रेणू सोडवतो. मग उरलेलं द्रावकात ओढून घेतो, नायट्रोजनच्या झोताखाली वाळवतो आणि थेंबभर करून मशीनमध्ये घालतो. मशीन रेणू फोडतं आणि तुकडे मोजतं. ठरलेल्या मिनिटाला, ठरलेले तुकडे, ठरलेल्या प्रमाणात आले की स्क्रीनवरच्या सपाट रेषेला उंचवटा येतो. त्याला पीक म्हणतात. पण या सगळ्याच्या आधी कोरी नळी लावायची असते. तिची रेष सपाट आली तरच पुढच्या नमुन्यांवर विश्वास ठेवायचा.

नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते. दिसलं ते लिहायचं. कुणाचं आहे, का आहे, बिचाऱ्याचं पुढं काय होईल, हे आपल्या टेबलावर येत नाही. बाटलीवर नाव नसतं, नंबर असतो, आणि तो मुद्दामच असतो. हे सांगताना माझा आवाज जरा चढतो, असं म्हणतात. चढत असेल.

माझी भाची, म्हणजे माझ्या भावाची मुलगी, कबड्डी खेळते. भाऊ एपीएमसी मार्केटमध्ये कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर माथाडी आहे. साताऱ्याहून आला तेव्हा अंगात रग होती, आता कंबर बोलते. पोर एकवीस वर्षांची, कोपरखैरण्याच्या मैदानावर वाढलेली. मागच्या हिवाळ्यात तिची राज्याच्या संघाच्या निवड शिबिरात वर्णी लागली. संघात आली की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी जवळजवळ नक्की होती. तसं तिला तोंडी सांगितलंही होतं. त्या नोकरीवर आमच्या घरातल्या सगळ्यांचा डोळा होता. भावाला पाठीवरचं पोतं खाली ठेवता आलं असतं, आणि हे तो कधी बोलला नाही तरी आम्हाला दिसत होतं.

शिबिराला जायच्या आधी मी तिला लॅबमध्ये आणून मशीन दाखवलं होतं. चकचकीत डब्यातल्या प्रोटीनमध्ये सापडलेला पीक दाखवला. “बघ, डब्यावर लिहिलंय काय आणि आत आहे काय,” असं म्हणून तिला चांगलं घाबरवलं.

“मग मी खायचं काय आत्या? तिकडं सगळ्या पोरी काय ना काय घेतातच.”

“तू घरचं खा. वहिनी देईल ते डोळे मिटून खा. बाकी कुणी हातात काही ठेवलं तर तोंडात घालायचं नाही.”

तिनं ते शब्दशः पाळलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

वहिनी दर थंडीत डिंकाचे लाडू करते. खारीक, खोबरं, डिंक, गूळ, साजूक तूप. त्यातला मोठा डबा लेकीचा आणि लहान डबा एकट्या राहणाऱ्या नणंदेचा, म्हणजे माझा. स्वतःसाठी आणि नवऱ्यासाठी ती ठेवत नाही, त्यांना म्हणे गोड सोसत नाही. त्या हिवाळ्यातले लाडू जरा कडवट लागले. मी तिला फोनवर चिडवलं, “मेथी कधीपासून घालायला लागलीस?” ती हसली आणि म्हणाली, “खावा की वन्सं, कडूच अंगाला लागतंय.” मी रोज सकाळी चहाबरोबर एक खात होते. त्या दिवसांत माझ्या हनुवटीवर दोन पुटकुळ्या आल्या होत्या, आणि या वयात तारुण्य परत आलं वाटतं, असा विनोद मी स्वतःच केला होता.

शिबिराची शेवटची निवड चाचणी शनिवारी झाली. भाची अशी खेळली की तिच्या कोचनं भावाला फोन केला. शेवटच्या चढाईत चौघींना शिवून ती रेषेवर परत आली होती. सामन्यानंतर उत्तेजक-चाचणीसाठी तिच्या लघवीचा नमुना घेतला. रात्री फोनवर ती मला सांगत होती, आवाजात नुसता अभिमान. “आत्या, बाटल्यांचा सेट मीच निवडला. ए आणि बी दोन्ही मीच सील केल्या, उलट्या करून बघितल्या, तू शिकवलंस तसं. फॉर्मवर विचारलं, मागच्या सात दिवसांत काय औषध, काय सप्लिमेंट घेतलं. मी लिहिलं, काही नाही.”

“शाब्बास,” मी म्हटलं.

सोमवारी फ्रीझरमधल्या माझ्या कोऱ्या नळ्या संपल्या होत्या. मी नेहमीसारखी बाटली भरून दिली आणि दुपारी तिची पहिली नळी मशीनवर गेली. अकराव्या मिनिटापर्यंत रेष सपाट होती. मग ती उठली.

पहिल्यांदा मी भडकले ते माझ्या सहायकावर. नळ्या नीट धुतल्या नाहीत, आदल्या नमुन्याचा अंश राहिला, पिपेट बदललं नाही, जे सुचलं ते बोलले. तो गरीब माणूस निमूटपणे पुन्हा सगळं धुवायला लागला. नवे द्रावक उघडले, नव्या नळ्या घेतल्या, नुसतं पाणी लावलं. पाण्याची रेष सपाट. सहायकानं स्वतःची बाटली भरून दिली, तिचीही सपाट. माझी पुन्हा लावली आणि पुन्हा अकराव्या मिनिटाला तेच. स्टॅनोझोलोल, खेळात बंदी असलेलं ताकदीचं स्टेरॉइड.

तरीही मी म्हणत होते की कुठून तरी सांडलं असेल. लॅबमध्ये या औषधाची शुद्ध बाटली असते, तिचा कण उडाला असेल. तेव्हा सहायक हळूच म्हणाला, “मॅडम, हा मूळ औषधाचा पीक नाही. मेटाबोलाइटचा आहे.”

मला ते आधीच दिसलं होतं, मी वाचत नव्हते इतकंच. जो रेणू स्क्रीनवर होता तो बाटलीत तयार होत नाही. तो फक्त यकृतात तयार होतो. म्हणजे ते औषध माझ्या पोटातून, रक्तातून, यकृतातून जाऊन आलं होतं. मी खुर्चीवर बसले आणि मागच्या महिन्याभरात तोंडात काय काय गेलं ते आठवायला लागले. ऑफिसच्या कँटीनमधला भात, आमटी, भाजी, चहा. सहायकही तेच जेवतो, तोच चहा पितो. मग ड्रॉवरमधल्या डब्याकडे लक्ष गेलं. चार वाजता भूक लागली तर असावेत म्हणून त्यात चार लाडू आणून ठेवले होते.

एका लाडवाचा तुकडा खलात वाटला, द्रावकात घुसळला, गाळला. ते करताना माझ्या मनात एकच होतं, की यात नसू दे. इतक्या वर्षांत नमुन्याकडे बघून मी असं काही मागितलं नव्हतं. यावेळी मूळ औषधाचा पीक आला. आम्हाला प्रमाण कमी करून पुन्हा लावावं लागलं, इतका उंच.

संध्याकाळी मी तशीच भावाच्या घरी गेले. वहिनी भाकऱ्या थापत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “लाडवात यंदा काय वेगळं घातलंस गं?”

तिनं परातीतला हात काढला आणि ओट्याखालून एक प्लास्टिकची बरणी काढून दिली. लेबल नव्हतं. आत तपकिरी भुकटी. “ह्यांनी मार्केटातनं आनलंय, ताकदीचं चूर्न. एक मानूस इकतो, समदे हमाल घेत्यात. ह्यांच्या कंबरंला लई गुन आला बगा. मग म्हनलं पोरगी रोज एवढी आपटून घेतीया, तिला कोन बघनार? पर ती डब्यातलं कायबी खाईना, तुमी सांगितलंय म्हनून. मग गूळ उतरवल्यावर चार चमचं लाडवात मिसळलं. घरचंच झालं की मग.”

“तिला सांगितलंस?”

“कशाला सांगू? औषिद न्हाई वन्सं ते, चूर्न हाय.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “का? बादलं का तुमाला?”

मी नाही म्हटलं. तिला खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही. लॅबमध्ये दिसलं ते लिहा म्हणून ओरडणारी मी, त्या ओट्यापाशी उभी राहून ‘माझ्यासाठी थोडं नेऊ का’ असं म्हणाले आणि बरणी पिशवीत टाकली. ती खूश झाली. बाहेरच्या खोलीत भाऊ पाय लांब करून बसला होता. त्याचे घोटे सुजलेले दिसले. त्याला मात्र मी चांगलंच दटावलं, की ते चूर्ण आजपासून बंद आणि उद्या डॉक्टर. कारण विचारू नकोस म्हटलं. तो माझ्या तोंडाला लागत नाही.

रस्त्यावर येऊन भाचीला फोन लावला. “तुझे लाडू कधी संपले?”

“कधीचेच. चाचणीच्या आधी तेरा दिवस. रविवार होता, डबा धुतला ना मी. का गं?”

मी सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं. ती म्हणाली, “तेरा दिवस झाले होते आत्या. निघून गेलं असेल ना?”

मला ते माहीत नव्हतं. पण माहीत करून घ्यायचा एक मार्ग माझ्याजवळ होता. मीही तेच लाडू खाल्ले होते, तिच्यासारखाच रोज एक. माझा शेवटचा लाडू त्या सोमवारी सकाळचा. तेराव्या दिवशी माझ्या बाटलीत काय दिसतं ते बघितलं की तिच्या बाटलीत काय होतं त्याचा अंदाज आला असता.

त्या तेरा दिवसांसारखे दिवस मी पुन्हा काढणार नाही. रोज सकाळची बाटली, रोज एक नळी, नाव नाही, नुसता दिवसाचा आकडा. आमच्या लॅबच्या प्रमुखांना, सरांना, मी सगळं सांगून परवानगी घेतली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दोन शरीरं सारखी नसतात मॅडम. तुम्ही पन्नाशीच्या, ती खेळाडू. तुमच्यात नाही दिसलं तरी तिच्यात नसेलच असं नाही.” मग त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. “आणि त्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची मशीनं आपल्याहून बारीक बघतात.” म्हणजे माझ्या बाटलीत काही आलं नाही तर खात्री कसलीच नव्हती, आणि आलं तर आशेला जागा फारशी उरत नव्हती. मी तरीही नळ्या लावत राहिले. तिसऱ्या दिवशी पीक निम्म्यावर आला. सहाव्या दिवशी आणखी खाली. आठव्या दिवशी तो इतका लहान झाला की मी घरी जाताना चालत गेले आणि वाटेत भाचीला फोन करून ‘उतरतंय’ म्हणाले. नवव्या दिवशी तो तेवढाच होता. दहाव्यालाही. पाणी जास्त प्यायले म्हणून फसव्या आशेला बळी पडू नये यासाठी मी लघवीची घनता मोजून आकडे सुधारून घेत होते. सुधारले की तो जागच्या जागी दिसायचा. वहिनीचा रोज फोन यायचा. संघाची यादी लागली का, नोकरीचं पत्र आलं का, आणि वन्सं तुमचा आवाज असा का.

तेरावा दिवस रविवार. महाप्याचे रस्ते रविवारी ओस असतात, चहाची टपरीसुद्धा बंद. लॅबमध्ये मी एकटी, मशीनच्या पंपाचा आवाज आणि एसीचा गारठा. नळी लावली. दहा मिनिटं सपाट. अकराव्या मिनिटाला रेष बोटाच्या पेराएवढी उचलली गेली आणि खाली आली. मी तुकडे तपासले, त्यांचं प्रमाण तपासलं. वेळ तपासली. तीनही गोष्टी जुळत होत्या. दुसऱ्यांदा लावून बघितलं, तेव्हाही जुळल्या.

भाची गेटपाशी येऊन थांबली होती. शिबिराचा ट्रॅकसूट, केस ओले. वॉचमन बाहेरच्यांना आत सोडत नाही, म्हणून मीच खाली गेले. तिनं माझ्याकडे बघितलं.

“दिसलं?”

“दिसलं,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली. रडली नाही. मग तिनं जे विचारलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. “आत्या, ती शेवटची रेड माझीच होती ना? की लाडवांची?”

याला माझ्याकडे पद्धत नाही. वीस मिनिटांत रेणूचा तुकडान् तुकडा ओळखणारं मशीन वर चालू होतं, आणि खाली मी तिला ‘तुझीच होती’ एवढंही ठामपणे म्हणू शकले नाही. मी नुसता तिचा हात धरला. तो गार होता.

पुढं काय करायचं ते मी तिला समजावलं. बरणी आणि उरलेले लाडू मी सील करून फ्रीझरमध्ये ठेवले आहेत. उत्तेजक-चाचणीवाल्यांचं पत्र आलं की खरं लिहायचं, पुरावा द्यायचा. अंगात सापडलं ते खेळाडूच्याच माथी, नियम तसाच आहे, पण कसं गेलं हे सिद्ध केलं तर शिक्षा कमी होऊ शकते. फक्त आईला लेखी द्यावं लागेल की चूर्ण तिनं मिसळलं.

“आईचं नाव नाही घालायचं.”

“मग लिहिणार काय?”

“मीच घेतलं म्हणेन. कुणीतरी दिलं, घेतलं. आईला कळलं ना, तर ती मरेल आत्या. तू सांगायचं नाहीस. शपथ आहे तुला.”

तिथं रस्त्यावर मी तिच्यावर ओरडले. न घेतलेलं घेतलं म्हणणारी पोर माझ्यासमोर उभी होती, आणि तिला ती वेळ आणणारं ‘डोळे मिटून खा’ हे वाक्य माझं होतं. ती रिक्षात बसून निघून गेली.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. स्टॅनोझोलोल, आणि त्याखाली मला पाठ असलेल्या मेटाबोलाइटचं नाव. निर्णय होईपर्यंत खेळ बंद. संघाच्या यादीत तिचं नाव लागून पुन्हा काढलं गेलं, आणि नोकरीचा विषय निघेनासा झाला.

मी शपथ मोडली. वहिनीला समोर बसवून पत्र मराठीत वाचून दाखवलं, ओळ न् ओळ. मशीनमध्ये काय दिसलं, माझ्यात काय दिसलं, लाडवात काय होतं. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, “सई कुटं करू?” आणि मी दाखवलं तिथं सावकाश, एकेक अक्षर काढून सही केली. भाची दारात उभी होती. ती माझ्याशी पुढचे दोन महिने बोलली नाही.

निकाल अजून लागलेला नाही. भाची घरीच असते, सकाळी मैदानाला फेऱ्या मारते, पण संघाबरोबर सरावाची परवानगी नाही. औषध बंद झालं तशी भावाची कंबर पुन्हा धरली आहे, आणि तो तसाच कामावर जातो. वहिनीनं लाडू करायचे सोडले, ते मला अपेक्षितच होतं. पण सही केल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ती डबा घेऊन थेट लॅबच्या गेटवर आली. आत मटकीची उसळ आणि दोन भाकऱ्या. डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, “वन्सं, एवढं मशिनीत घालून बगा. मग तिला वाडते.”

मी तिची समजूत घातली, चिडले, हात जोडले. ती हलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, आणि घरी पोरगी वडा-पाव खाऊन राहत होती.

आता आमची एक रीत पडली आहे. पुढच्या आठवड्यात लेकीला लागणारं पीठ, मसाला, तूप वहिनी आधीच आणून ठेवते, त्यातलंच माझं जेवण ती रोज पाठवते आणि आठवडाभर मी तेच खाते. सोमवारी मी बाटली भरून देते. अकरावं मिनिट सरेपर्यंत मी स्क्रीनसमोरून उठत नाही. मग तिला फोन लावते आणि म्हणते, “कोरी आहे.”

पलीकडे ती फोन बंद न करताच बाजूला ठेवते. ताट मांडल्याचा आवाज येतो, आणि ती लेकीला जेवायला हाक मारते.